वेठ, मजुरी, श्रमदान : जंगल उभे करणाऱ्या हातांचा हिशेब

महाराष्ट्रातील जंगलांच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास आजवर दोन प्रकारे लिहिला गेला आहे. एक वनखात्याच्या अहवालांतून : किती हेक्टरांवर रोपण झाले, किती रोपे जगली, किती खर्ची पडले. दुसरा निसर्गप्रेमी मंडळींच्या लेखनातून : कोणती टेकडी बोडकी होती, कोणा ध्येयवादी गृहस्थाने ती हिरवी केली, तिच्यावर कोणता पक्षी परत आला. दोन्ही इतिहासांत एक गोष्ट समान आहे. खड्डा कोणी खणला, हे दोन्हीकडे आढळत नाही. पहिल्यात तो माणूस 'मनुष्यदिवस' या आकड्यात विरघळतो, दुसऱ्यात 'गावकरी' किंवा 'स्वयंसेवक' या गोड शब्दात. त्याची जात, त्याची जमीन, त्याची मजुरी आणि उभ्या राहिलेल्या जंगलातील त्याचा वाटा, या चारही गोष्टींबद्दल दोन्ही इतिहास गप्प आहेत.

मोबदला न घेता केलेले श्रम ही सर्वांसाठी सारखी गोष्ट नाही, हे आधी मान्य करावयास हवे. ज्याने आयुष्यात कधी कुदळ धरली नाही, त्याला रविवारी टेकडीवर जाऊन दोन तास खणण्यात आनंद वाटतो आणि तो आनंद खोटा नसतो. परंतु ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यान्पिढ्या फुकट राबण्याखेरीज दुसरे काही केले नाही, त्याच्या कानावर 'विनामोबदला' हा शब्द वेगळ्या रीतीने पडतो. महार वतनाचा इतिहास आपणास ठाऊक आहे. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेला महार दिवसरात्र सरकारी कामाला जुंपलेला असे. गावाची सीमा राखणे, टपाल पोचविणे, अंमलदाराचे ओझे वाहणे आणि मुक्कामाला आलेल्या साहेबाच्या चुलीसाठी सरपण आणून टाकणे ही त्याची कामे. त्या सरपणासाठी तो ज्या जंगलात जाई, ते जंगल त्याचे नव्हते. आणि आणलेल्या मोळीचा दामही त्याचा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनदुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे ही जाणीव होती की जमिनीचा तुकडा हाती देऊन सबंध घराण्याची मेहनत गहाण ठेवली गेली आहे. वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

जंगलाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वप्रथम कोणाला दिसला असेल, तर तो महात्मा फुल्यांना. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी डोंगर, दऱ्या, पडीक राने, एवढेच नव्हे तर गावोगावची गायराने सरकारी फॉरेस्टात ओढली. रेल्वेला स्लीपर हवे होते, इमारतींना सागवान हवे होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी या खात्यावर जो आसूड ओढला, तो सुपरिचित आहे. परंतु त्याच ग्रंथातील दुसऱ्या भागाकडे आमच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. जोतीराव तेथे केवळ तक्रार करून थांबत नाहीत. उजाड झालेला डोंगर पुन्हा कसा सावरावा याची योजनाच मांडतात. डोंगरउतारावरची पाने, गवत, मेलेल्या किड्यांचा कुजलेला अंश पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जातो आणि शेत निकस होते. म्हणून जागोजागी ताली-बांध घालावे, पाणी जमिनीत मुरू द्यावे. आजच्या पाणलोट विकासाच्या शिबिरात जे शिकविले जाते ते याहून फार निराळे नाही. गायराने ज्या त्या गावाला परत करावी, सरपण आणि राब मोकळे ठेवावे, विक्रीसाठी इमारती लाकूड तोडण्याला मात्र सक्त बंदी असावी, असे त्यांचे म्हणणे. जंगल राखण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांना हवे होते ते रयतेच्या जगण्यासकट राखलेले जंगल.

आणि हे ताली-बांध घालावयाचे कोणी? येथे जोतीरावांची खरी दृष्टी दिसते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन धर्मकार्य म्हणून करावे, असे ते म्हणत नाहीत. सरकारचा पगार खाऊन बसलेल्या काळ्या-गोऱ्या लष्कराला आणि पोलिसांना या कामी लावावे, असे ते सुचवितात. कोरड्या भाकरीवर राबणाऱ्या कुणब्याच्या डोक्यावर आणखी एक फुकटची मेहनत टाकण्यास ते तयार नाहीत. देशाची माती राखणे हे सार्वजनिक काम असेल तर त्याची मजुरीही सार्वजनिक तिजोरीतून गेली पाहिजे, हा त्यातला अर्थ.

'असूड'नंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींमुळे सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा तेथे मोठ्या वादाचा विषय होता. चौकशी झाली, अहवाल आला, खाते आहे तसे राहिले.

जोतीरावांची सूचना विक्षिप्त होती असे कोणास वाटत असेल, तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. 'असूड'नंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९३३ च्या मंदीत, रूझवेल्ट यांच्या सरकारने 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' उभारले. जोतीरावांचे नावही तेथे कोणी ऐकले नसेल; परंतु योजना जवळपास तीच. बेकार तरुणांच्या छावण्या, त्यांची व्यवस्था लष्कराकडे, आणि काम झाडे लावण्याचे, धूप थांबविण्याचे, वणवे विझविण्याचे. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुणांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली. ते नाव नोंदवून आपखुशीने येत असले तरी त्यांना महिना तीस डॉलर मिळत. त्यांतील पंचवीस घरी पाठविले जात. मूळ कायद्यात वंश, वर्ण किंवा पंथ पाहून भेद करू नये असे कलम होते. तरीही १९३५ मध्ये संचालकांनी काळ्या आणि गोऱ्या तरुणांच्या छावण्या संपूर्णपणे वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. दोन लाखांवर काळ्या तरुणांनी तेथे काम केले. कित्येक गावांनी आपल्या शेजारी काळ्यांची छावणी नको म्हणून अर्ज दिले. झाड लावणारा हात कोणत्या रंगाचा आहे, याची झाडाला नसली तरी त्या समाजाला फार काळजी होती. आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इकडे ठाणे जिल्ह्यात त्याच सुमारास जंगलातले श्रम म्हणजे वेठ होती. सावकार-जमीनदाराच्या शेतावर वारली राबे आणि जंगल ठेकेदाराच्या कूपातही राबे. १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचे ठरविले. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे हा लढा मराठी वाचकाच्या घरी पोचला. त्या लढ्यातली मागणी पुन्हा पाहण्यासारखी आहे. जंगलाबद्दलच्या प्रेमाची भाषा तीत नाही. कामाला दाम द्या, एवढेच आहे. जंगलाशी ज्याचे आयुष्य बांधलेले आहे त्याला प्रेमाचे प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास योजना आली. भूदानाचे वारे वाहू लागले होतेच. 'श्रमदान' हा शब्द या काळात गावोगाव रुजला. दान हा शब्दच मुळात तपासून घ्यावयास हवा. दान देणाऱ्याजवळ काही शिल्लक असावे लागते, आणि आपल्या धर्मव्यवस्थेत दान घेण्याचा अधिकार कोणाचा होता हे नव्याने सांगावयास नको. ज्याच्याजवळ अंगमेहनतीखेरीज विकावयास काही नाही, त्याला तीच दान कर म्हणणे म्हणजे व्यापाऱ्याला दुकान दान कर म्हणण्यासारखे आहे. परंतु व्यापाऱ्याला असे कोणी म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर भारतातील खेड्यांचा अभ्यास करून १९५८ मध्ये जे लिहिले, ते या दृष्टीने मोलाचे आहे. श्रमदानात मोठे शेतकरी देखरेख करीत आणि मान मिळवीत. प्रत्यक्ष खणती गरीब खालच्या जातींच्या वाट्याला येई. आणि तयार झालेल्या रस्त्याचा फायदा ज्याच्या दारात बैलगाडी आहे त्यालाच होई. हे आमच्या एखाद्या त्रासिक कार्यकर्त्याने लिहिलेले नाही.

१९७२ चा दुष्काळ हा या इतिहासातील सर्वांत मोठा अध्याय. दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, डोंगरावर समतल चर, आणि पुढे रोपण. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. या कामांवर बायांची संख्या मोठी होती. भूमिहीन दलित आणि आदिवासींची मोठी होती. मुकादमाची शिवी, मोजमापातली लबाडी, आठवडाआठवडा थकलेला पगार, हे सारे तेथे होते. तरीही एक गोष्ट प्रथमच घडली. डोंगर सावरण्याचे काम हे मजुरीचे काम आहे आणि ती मजुरी मागणे हा हक्क आहे, असे कायद्याने म्हटले. जोतीरावांच्या सूचनेतील तत्त्व नव्वद वर्षांनी का होईना, हजेरीपत्रकावर उतरले. अवर्षणप्रवण तालुक्यांतील जे डोंगर आज हिरवे दिसतात, त्यांतील कित्येकांच्या चरांमध्ये या बायांचा घाम आहे. त्यांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही; हजेरीपत्रकावर आहे, अंगठ्याच्या शेजारी.

मजुरी मिळाली, परंतु झाड कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला. १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातील मध्यवर्ती मागणी होती. पुढे दलितांनी ठिकठिकाणी गायराने कसावयास घेतली. आणि याच गायरानांवर १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाल्यावर रोपणाचे खड्डे पडू लागले. मराठवाड्यातील भूमिहक्काच्या चळवळीत वावरलेल्यांना हा अनुभव नवा नाही की, दलिताने गायरानावर नांगर घातला की गावाला अचानक पर्यावरणाची आठवण होते. जनावरांना चारा कोठून, झाडांना जागा कोठून, असे प्रश्न त्याच वर्षी उपस्थित होतात. पाटलाने दाबलेल्या पन्नास एकरांबद्दल मात्र ते कधी उपस्थित झालेले नसतात. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. पुढे २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. नोटीस घेऊन येणारा तलाठी तो अपवाद वाचून दाखवीत नाही, म्हणून येथे नमूद केला.

आणि लावले काय? १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाच्या सरळ रांगा उभ्या केल्या. सामाजिक वनीकरणाने नीलगिरी आणि सुबाभूळ आणले. कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. मोह, चारोळी, तेंदू, हिरडा, बेहडा, ऐन, धावडा, पळस ही झाडे मागे पडली, कारण त्यांचा दाम लाकडाच्या आकाराने मोजता येत नाही. मोहाचे फूल आदिवासीच्या घरात उन्हाळ्याचे अन्न असते. अस्वल आणि हरणही तेच खाते. नीलगिरीखाली ना बाई वेचावयास जाते ना हरीण चरावयास. म्हणजे जे झाड गरिबाच्या उपयोगाचे नाही ते बहुधा रानातल्या जिवाच्याही उपयोगाचे नसते. देशी जंगलाची मागणी ही हौशी वनस्पतिशास्त्रज्ञांची लहर नव्हे. ती अन्नाची मागणी आहे. उलट, माळावरही झाडेच लावण्याचा हट्ट तितकाच घातक ठरला आहे. सोलापूर-नान्नजच्या माळढोकाला गवताळ रान लागते, झाडी नव्हे. आणि त्याच माळावर धनगराची मेंढरे जगतात.

१९७५ नंतर राळेगणसिद्धीसारख्या गावांनी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांच्या जोरावर डोंगर सावरले. पाणी वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चराईबंदीची झळ कोणाला लागते? ज्याची गाय गोठ्यात कडबा खाते त्याला नाही. जिची दोन शेरडे हीच तिची बँक, तिला. आणि डोंगरावर मुरलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरते? विहीर ज्याची त्याच्या. भूमिहीनाचे श्रम वर, पाणी खाली. हा पेच ज्यांनी ओळखला अशांत पुरंदर तालुक्यातील विलासराव साळुंखे यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटले आणि भूमिहीनाचाही त्यात वाटा ठेवला. श्रम मागण्याआधी वाटणी ठरली होती, हा तेथला फरक.

अलीकडे श्रमदानाला स्पर्धेचे आणि उत्सवाचे रूप आले. २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडे. पुढच्या तीन वर्षांची उद्दिष्टे चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी. शाळांची पोरे रांगेने टेकडीवर गेली. जंगलाचे काम थोडेफार पाहिलेला माणूस सांगेल की रोप लावणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. पहिली दोन-तीन वर्षे जनावर आत येऊ न देणे, तण काढणे, मेमध्ये पाणी घालणे, जाळरेषा काढणे, वणवा लागला की रात्री धावणे, हे खरे काम. कित्येक ठिकाणी तर लावावयाचेही काही नसते; जमिनीत जुन्या खोडांची मुळे जिवंत असतात, पाचसहा वर्षे राखण केली की धुमारे आपोआप वर येतात. लावण्याला एक दिवस लागतो आणि त्याचे छायाचित्र निघते. राखणीला दहा वर्षे लागतात आणि तिचे छायाचित्र निघत नाही. लावणारा स्वयंसेवक असतो. राखणारा रोजंदारीवरचा वनमजूर असतो, जो कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत आला. शहरातून येऊन रानातले प्लास्टिक वेचणाऱ्या, फुलपाखरे मोजणाऱ्या तरुणांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. त्यांच्यात आता आमची मुलेही आहेत. परंतु मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्या झोपड्यांतल्या माणसांना निसर्गशिबिराचे निमंत्रण कोणी दिले होते, एवढे विचारून ठेवतो.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. १९८० च्या दशकात धरणाविरुद्धच्या आंदोलनातून तेथे जाग आली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून ग्रामसभा उभी राहिली. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यावयाचे ठरले. कागद गिरणीसाठी तोडल्या जाणाऱ्या बांबूला गावाने हरकत घेतली आणि जंगलाची राखण स्वतःकडे घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती येण्यास २०११ चा एप्रिल लागला आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना त्यासाठी गावात यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर आणखी एक पाऊल टाकले. बांबूतून मजुरी आणि गावाचा निधी मिळू लागताच तेंदूपाने तोडणे गावाने आपणहून थांबविले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते आणि नवी झाडे मरतात. सुमारे ३४ हेक्टरांचा तुकडा तर गावाने वन्यप्राण्यांसाठी अस्पर्श ठेवला. या निर्णयावर कोणा अधिकाऱ्याची सही लागली नाही. ज्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे तोच खरे श्रमदान करू शकतो, एवढेच या दोन गावांकडून घ्यावयाचे. हक्क नसताना मागितले जाते ती वेठ, मग फलकावर काहीही लिहिलेले असो.

आता आपल्याकडे. गोंडांना या कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचे वास्तव्य व ताबा दाखवावा लागतो. त्याच जंगलाच्या कडेला राहणारा दलित 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो आणि त्याने तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे अशी अट आहे. हिशेब केला तर १९३० पासूनचे. ज्या साली त्याचा आजा काळाराम मंदिराच्या दाराशी उभा होता, त्या सालचे कागद त्याने जपून ठेवावयास हवे होते! कागद नाहीत म्हणून आमची माणसे दावाच करीत नाहीत. परंतु कायद्याखालील नियमांचा तेरावा नियम वाचला तर दिसते की पुरावा म्हणजे केवळ सातबारा नव्हे. जुने सरकारी अभिलेख, वनखात्याच्या कार्य-आयोजना, जमिनीवर घातलेले बांध व केलेले सपाटीकरण, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही पुरावेच आहेत. मात्र एकाहून अधिक लागतात. महार वतनाच्या नोंदी महसुली दप्तरात आहेत. ज्या कागदाने आजाला वेठीला बांधले, तोच कागद तो १९३० पूर्वी त्या गावात होता हे सांगतो. दुष्काळी कामांची आणि रोजगार हमीची हजेरीपत्रके जेथे शिल्लक असतील तेथे माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यांनी एकट्याने दावा सिद्ध होत नाही, परंतु साखळीतली एक कडी मिळते. तालुक्यातालुक्यातील आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे. त्यात जबाबांचे काम सर्वांत आधी. १९७२ साली तिशीत असलेली, चर खणणारी बाई आज ऐंशीच्या पुढे गेलेली आहे.